टोकियो-क्योतो सोडून जपान: कुठे रमलात, काय खाल्लंत?

टोकियो-क्योतोवर भरपूर लिहून झालंय. बाकीच्या जपानात कुठे पाय रेंगाळले, तिथला इतिहास आणि तिथलंच काय मिळतं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. कानाझावा. माएदा सरदारांचं गाव. महायुद्धात बॉम्बमधून वाचलं, म्हणून जुन्या पेठा शाबूत आहेत. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख इथे बनतो. हिगाशी चाया पेठेत तो लावलेलं आइस्क्रीम मी हौसेनं घेतलं. चव शून्य, वर्ख तेवढा ओठाला चिकटला! पण केनरोकुएन बागेत नोव्हेंबरात माळी झाडांना दोर बांधत होते. मधल्या खांबाच्या टोकापासून फांदीफांदीला, छत्रीच्या काड्यांसारखे. बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडू नयेत म्हणून. तासभर तेच बघत उभी होते.

वसईकर:
नागासाकी. आमच्याकडे संत गोन्सालो गार्सिया हे नाव लहानपणापासून कानावर असतं. जन्म वसईचा. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या हुकमावरून 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं, त्यात हाही होता. स्टेशनपासून चढ चढून गेलो. कांस्याचे 26 पुतळे एका ओळीत, पाय जमिनीला न टेकलेले. त्यातला आपल्या गावचा कोणता, हे विचारून घेतलं आणि त्याच्यासमोर बराच वेळ थांबलो. घरी फोन लावला, तर आईचा पहिला प्रश्न, "मेणबत्ती लावलीस का?" नव्हती लावली.

देजिमाही पाहा. 1641 पासून दोनशेहून जास्त वर्षं डच व्यापाऱ्यांना याच पंख्याच्या आकाराच्या बेटावर राहावं लागे. आता भोवती भराव पडलाय, ट्रॅममधून उतरलं की आलंच. अणुबॉम्ब संग्रहालयात 11:02 ला थांबलेलं घड्याळ आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

खायला कास्तेला. मूळ पोर्तुगीजांचा केक, लोणी न घालता केलेला. तळाशी जाड साखर, दाताखाली कचकचते.

शाकाहारी_सून:
कोयासान. डोंगरावरचं गाव आहे, शहर म्हणवत नाही, तरी सांगते. 816 मध्ये कुकाई या भिक्षूला ही जागा मिळाली. आम्ही सासूबाईंना घेऊन मंदिरातच राहिलो. बाकी जपानात 'भाजीचं सूप' म्हणून येतं त्यातही माशाचं पाणी असतं. इथे ते कोम्बू शेवाळाचं आणि शिताके अळंब्यांचं, शिवाय कांदा-लसूणही नाही. कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, तो रस्सा पिऊन टम्म फुगतो. सासूबाई म्हणाल्या, "ढोकळा आमटीत पडलाय गं." जेवण साडेपाचला, त्यामुळे नऊला बॅगेतला चिवडा निघालाच. इथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला. माहीत नव्हतं, समोर पाहून सगळेच गप्प झालो.

गोडघाशा:
ताकायामाचे मिताराशी दांगो. इतरत्र हे तांदळाचे गोळे गोड पाकात येतात, इथे नुसता सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजतात. गोड असेल म्हणून चार काड्या घेतल्या आणि फसलो. मग आणखी दोन घेतल्या.

धागाकर्ती:
वसईकर, कास्तेला घरापर्यंत टिकला का?

वसईकर:
टिकला. बाबांनी चहात बुडवून संपवला. साखरेचे दाणे कपात खाली राहिले, ते चमच्यानं.