मदत हवी आहे: रडार डिटेक्टरला मागून मारलेली गन कळते का?

रंकाळा_वेस:
नमस्कार मंडळी. कामासाठी कोल्हापूर-पुणे सारखं जाणं-येणं असतं. अमेरिकेतल्या चुलतभावानं नवीन घेतला म्हणून त्याचा जुना रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजायची गन जवळ असली की बीप करणारं यंत्र, मला देऊन टाकला. काचेला चिकटवायचा, लायटरच्या सॉकेटवर चालतो. अँटेना एकच, तोंड पुढं. वर एक्स, के, केए (हे रडारच्या लहरींचे बँड, म्हणजे पट्टे) आणि लेझर असं छापलंय.

प्रश्न असा, की गन मागून मारली तर याला कळणार का? मेहुण्याला मध्यंतरी हायवेवरचं ई-चलन आलं. फोटोत गाडीची डिकी आणि नंबरप्लेट, म्हणजे गाडी पुढं गेल्यावर मारलीय. माझ्या मागच्या काचेला डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवायच्या) तारा आहेत, त्यानं काही अडतं का?

"हळू चालव" हे आईनं, बायकोनं आणि विमा एजंटनं सांगून झालंय. ते सोडून बोला.

तांबडा_पांढरा:
भावा, कळतं, पण दुसऱ्याच्या जिवावर. आत हॉर्न अँटेना असते, म्हणजे धातूचं छोटं नरसाळं. त्याचं तोंड जिकडं, तिकडचं चांगलं ऐकू येतं. पाठीमागचं फार थोडं. मागून आलेली लहर तुझ्या गाडीला ओलांडून पुढं जाते, पुढच्या कंटेनरवर नाहीतर हिरव्या दिशादर्शक बोर्डावर आपटते आणि परत तुझ्या काचेवर येते. तेव्हा तो ओरडतो. के बँड म्हणजे २४.१५ गिगाहर्ट्झच्या आसपास, लहरीची लांबी साधारण सव्वा सेंटिमीटर. सपाट पत्रा ती जवळजवळ सगळी परतवतो.

त्यामुळं मागचं कळणं हे पुढं कोण चाललंय त्यावर ठरतं. कंटेनर असेल तर लांबून बोंबलेल. उसाची ट्रॉली असेल तर तेवढं नाही; ओला ऊस लहर बरीचशी पितो आणि उरलेली वाट्टेल तिकडं उधळतो. रस्ता मोकळा असला की गन अगदी जवळ येईपर्यंत गप्प. आणि आपण वेगात असतो ते नेमकं मोकळ्या रस्त्यावरच.

डिफॉगरच्या तारांनी फारसा फरक पडत नाही. धातूचा थर असलेली फिल्म मात्र खरंच अडवते. बसवताना आरशाजवळ उंच बसव. खाली डॅशबोर्डवर ठेवलास तर मागच्या बाजूला सीट आणि माणसांची डोकी आड येतात.

पुढून की मागून हे सांगणारे डिटेक्टर वेगळे. व्हॅलेंटाइन वन १९९२ मध्ये आला, त्यात मागं स्वतंत्र अँटेना आहे आणि बाण दिशा दाखवतो. तुझ्या यंत्राला बाण नाही, म्हणजे वाजला तरी कुणीकडून ते कळायचं नाही. शिवाय काही गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर (आरशात न दिसणारी शेजारची गाडी ओळखणारे) २४ गिगाहर्ट्झवरच चालतात. तसली एखादी शेजारनं गेली तरी हा वाजणार, आणि तू उगाच ब्रेकवर पाय ठेवणार.

कागल_नाका:
वरचं सगळं बरोबर, पण विषय वेगळाच हाय. आपल्याकडं हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते. रडारचा झोत लांब गेला की रस्ताभर पसरतो, म्हणून तो आधी कळायची तरी शक्यता. लेझरचा ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद. तो पडणार तुझ्या मागच्या नंबरप्लेटवर, आणि तुझं यंत्र बसलंय पुढच्या काचेला पुढं तोंड करून. त्याला दिसणार काय, कपाळ? चुकून वाजलंच तर तोवर वेग मोजून झालेला असतो. मग ब्रेक मारशील आणि मागचा ट्रक अंगावर घेशील.

पुढं मुंबईपर्यंत जात असशील तर एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर आणि वेळ धरून सरासरी वेग काढतात. तिथं तर प्रश्नच मिटला.

रंकाळा_वेस:
म्हणजे मेहुण्याच्या केसमध्ये उपयोग शून्य. ठीक आहे. पण रडारचं तरी मागून किती कळतं, हे हायवेवर न जाता तपासता येईल का?

तांबडा_पांढरा:
येईल की. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांवरचे बरेच सेन्सर के बँडचे असतात. असलं एखादं दुकान बघ. आधी गाडीचं तोंड दाराकडं करून लाव, मग पाठ.

रंकाळा_वेस:
करून आलो. राजारामपुरीत एका शोरूमसमोर. तोंड दाराकडं होतं तेव्हा रस्त्याच्या पलीकडूनच वाजायला लागला. गाडी वळवून पाठ केली, तर एकदम शांत. तेवढ्यात माझ्यापुढं बंद बॉडीचा दुधाचा टेम्पो येऊन थांबला आणि लगेच बीप बीप. टेम्पो हलला, परत शांत. तांबडा_पांढरा, मानलं तुम्हाला. वॉचमन मात्र दोनदा येऊन विचारून गेला, काय पाहिजे म्हणून.

आता शेवटचं: हाच डिटेक्टर मागच्या काचेला उलटा लावला तर?

कागल_नाका:
रडारपुरतं चालेल, पण मग पुढचं बहिरं. लेझरचं तरीही नशिबावर. झोत वर काचेपर्यंत सांडला तर कळेल, तेही वेग मोजून झाल्यावर. ते सगळं नंतर बघ, आधी मेहुण्यानं चलन भरलंय का विचार. नाहीतर लोकअदालतीची नोटीस येतीय घरी.