अनुभव धागा : शब्दवेडं मूल आणि स्पेलिंगची स्पर्धा

पाट्या, डब्यांवरची लेबलं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, दिसेल ते वाचत सुटणारं आणि चारचौघांत मात्र तोंड न उघडणारं मूल अनेक घरांत असतं. अशा मुलाला स्पेलिंग बीच्या, म्हणजे इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग मंचावर तोंडी सांगायच्या स्पर्धेच्या, माइकसमोर उभं करावं का, करायचं तर तयारी नेमकी कशी, हे या कामात मुरलेल्यांनी लिहावं म्हणून हा धागा. एकच विनंती : कोणी किती ढाली आणल्या ते नको. काय करायचं, किती करायचं आणि गाडी कुठे घसरते, तेवढं लिहा.

शब्दवर्ग घेणारी शिक्षिका

पहिल्याच दिवशी हजार शब्दांची यादी हातात देऊ नका. यादीतला प्रत्येक शब्द सुटा असतो आणि सुटे शब्द महिन्याभरात गळून जातात. वह्या करा, पण ए ते झेड अशा नकोत, मूळ भाषेप्रमाणे करा. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी एवढ्या सहा वह्या पहिल्या वर्षाला पुष्कळ झाल्या. आठवड्याला एकच भाषा, रोज 12 ते 15 शब्द.

इंग्रजीत आवाज एक आणि तो लिहायच्या तऱ्हा चार. त्यातली कुठली, हे बरेचदा भाषाच सांगते. 'श' घ्या. शब्द फ्रेंच असेल तर सी-एच (शेफ), जर्मन असेल तर एस-सी-एच (श्नाउझर), जुना इंग्रजी असेल तर एस-एच (शिप). तेच सी-एच ग्रीक शब्दात 'क' होऊन बसतं (कोरस). ग्रीकमध्ये 'फ' आला की जवळजवळ नेहमी पी-एच. जपानी शब्द बहुधा स्वराने नाहीतर एनने संपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत 2023 साली शेवटचा शब्द होता 'सॅमोफाइल'. कानाला सुरुवातीचा पी ऐकूच येत नाही. पण भाषा ग्रीक आणि अर्थ 'वाळूत वाढणारं' एवढं कळलं, आणि वहीत 'सॅमो म्हणजे वाळू' ही ओळ असली, की पी-एस-ए-एम-एम-ओ आपोआप येतं. पुढचं 'फाइल' तर ओळखीचं. शब्द आधी पाहिलेला नसला तरी चालतं. बुजऱ्या मुलाला धीर येतो तो इथे. 'हा मला माहीत नाही' यावर न थांबता 'हा मी काढू शकेन' असं वाटायला लागतं.

आता खरी मेख. सगळ्यांत जास्त मुलं लांबलचक शब्दांवर नाही, तर एका मिणमिणत्या स्वरावर गारद होतात. जोर नसलेल्या अक्षरातला पुसट 'अ', त्याला श्वा म्हणतात. तो ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कशानेही लिहिलेला असतो आणि कानाला सगळं सारखंच. उतारा असा : त्या शब्दाचं एखादं भावंड शोधायचं, ज्यात तोच स्वर खणखणीत वाजतो. 'ग्रामर'च्या शेवटी ए की ई? 'ग्रमॅटिकल' म्हणून बघा, 'मॅ' ऐकू येतो, म्हणजे ए. 'एक्स्टसी'च्या मधोमध काय? 'एक्स्टॅटिक' म्हणा, पुन्हा ए. 'डेफिनिट'मध्ये आय आहे हे 'डेफिनिशन' सांगतो. रोज अशी पाच भावंडं शोधायचा खेळ ठेवा. शब्दवेड्या पोरांना तो पाठांतरापेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

माणसांच्या नावांवरून आलेले शब्द मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत. 2021चा शेवटचा शब्द 'मराया', म्हणजे आपली कुंती ज्या वनस्पतींच्या वंशात धरतात तो. मरे या आडनावावरून आलेला, त्यामुळे एम-यू-आर-आर-ए-वाय-ए. असे शब्द वेगळ्या सातव्या वहीत ठेवा, आणि ते घोकावेच लागतात हे मुलाला सरळ सांगून टाका.

शब्द उच्चारून देणारा

टेबलाच्या या बाजूने एकच गोष्ट सारखी दिसते : मुलं विचारत नाहीत. वास्तविक अर्थ, वाक्य, शब्दाची जात, मूळ भाषा आणि दुसरा उच्चार असेल तर तो, एवढं बहुतेक स्पर्धांत विचारता येतं. लाजरं मूल समजतं की विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल. घरच्या सरावात नियमच करा : येत असलेल्या शब्दालाही किमान दोन प्रश्न विचारल्याशिवाय स्पेलिंग सुरू करायचं नाही. शंभरेक शब्दांत सवय अंगवळणी पडते. शिवाय अनोळखी मोठ्या माणसाला शांतपणे काही विचारायची ही तालीमच असते, ती स्पर्धेबाहेरही उपयोगी पडते.

प्रश्न वेळकाढूपणासाठी नसतात. 'कॅलस' असं ऐकू आलं. हाताला पडलेला घट्टा, की निगरगट्ट माणूस? नाम असेल तर शेवट यू-एस, विशेषण असेल तर ओ-यू-एस. बाकी सगळं जसंच्या तसं. 'म्यूकस'चंही हेच. शब्दाची जात न विचारता हे सुटणं म्हणजे नाणं उडवणं.

माइकपाशीचा क्रम : शब्द ऐका. तो स्वतः म्हणा आणि उच्चारकाने मान हलवेपर्यंत थांबा, कारण 'थ'चा 'फ' ऐकला गेला असेल तर तो इथेच पकडता येतो. मग प्रश्न. मग तळहातावर बोटाने पूर्ण शब्द लिहा. दुहेरी अक्षरं आहेत का हे बोटाला जीभेपेक्षा आधी कळतं. मग अक्षरं म्हणा, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन, आणि शेवटी शब्द पुन्हा एकदा.

क्रम मोडला की काय होतं ते 2025च्या अमेरिकन अंतिम फेरीत सगळ्यांनी पाहिलं. फैजान झाकी जिंकायच्या बेतात होता, शब्द आला 'कॉमेलिना' (आपल्याकडचा केना याच वंशातला). एकही प्रश्न न विचारता त्याने घाईने के-ए-एम असं सुरू केलं आणि तिथेच चूक लक्षात येऊन थांबला. शब्द सी-ओने सुरू होतो. नशिबाने बाकीचेही चुकले होते, म्हणून तो स्पर्धेत राहिला आणि पुढे जिंकला. एवढ्या तयारीच्या मुलाचं हे, तर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्याचं काय!

घरी सराव घेणारी आई

रोज 30 मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिली 10 मिनिटं जुने शब्द, पुढची 15 नवे, शेवटची 5 नुसती शब्दकोशात भटकंती. भटकंतीवर प्रश्न विचारायचे नाहीत. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी-हिंदीतून गेला आणि त्याचं अनेकवचन 'मंगीस'पेक्षा 'मंगूसेस' असंच जास्त चालतं, असलं काही सापडलं की मूल ते दिवसभर ऐकवत फिरतं. फिरू द्या. ज्या गोष्टीमुळे एरवी गप्प असलेलं मूल इतरांना काही सांगू लागतं, ती गोष्ट थांबवायची नसते.

चुकलेल्या शब्दांची एक लाल वही. तिच्यात फक्त बरोबर स्पेलिंग लिहायचं. चुकीचं लिहून त्यावर काट मारली की डोळ्यांत चुकीचंच चित्र बसतं. म्हणूनच 'यातलं बरोबर कोणतं' छापाचे पर्यायी प्रश्न शिकताना नकोत. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी विचारा. चारही वेळा बरोबर आला तरच लाल वहीतून सुट्टी. मध्ये एकदा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, लिहून येणं आणि तोंडी येणं ही दोन वेगळी कामं आहेत. लेखीत शंभरपैकी पंच्याण्णव असणारं मूल तोंडी आठव्या अक्षराला हरवतं, कारण समोर कागद नसतो. शब्द तीन-तीन, चार-चार अक्षरांच्या तुकड्यांत म्हणायला शिकवा.

वाचा-उपचार करणारा

अडखळणाऱ्या मुलांना हा प्रकार अनेकदा गप्पांपेक्षा सोपा जातो, कारण अक्षरं एकेक सुटी आणि ठेक्यात येतात. पण सगळ्यांना नाही. 'बी' वा 'पी'सारख्या ओठांच्या अक्षरांवर अडकत असेल तर अक्षराच्या आधी श्वास सोडायला सुरुवात करायची, ओठ हलकेच टेकवायचे. वेळेची सवलत हवी असल्यास आयोजकांना आधीच लेखी कळवा. ऐन वेळी मंचावर मागायला लावू नका.

बी-डी-पी-व्ही, एम-एन आणि एफ-एस या जोड्या माइकवर सारख्या ऐकू येतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून डोळे मिटून ऐका आणि ऐकू येईल ते लिहा. तुमच्या कागदावर उमटलेलं तेच परीक्षकाला ऐकू जाणार आहे.

परीक्षक

नियम मुलाने वाचायचे, पालकाने नव्हे. तीन तरी तोंडपाठ हवेत. एक, स्पेलिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं, पण उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. बरीच मुलं इथेही जातात. दोन, अधिकृत शब्दकोश कोणता. अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा मेरियम-वेबस्टरचा मोठा कोश धरते. ब्रिटिश वळणाची सवय असलेलं मूल यू घालून 'कलर' म्हणतं आणि मग वाद होतात. तीन, आक्षेप कधी आणि कोणी घ्यायचा. 2022 साली तिथेच हरिणी लोगन अर्थाच्या प्रश्नावर बाद झाली होती, परीक्षकांनी पुन्हा तपासून तिला परत घेतलं आणि शेवटी 90 सेकंदांच्या जलद फेरीत 21 शब्द बरोबर सांगून तीच जिंकली. आक्षेप म्हणजे भांडण नव्हे, नियमातली पायरी आहे.

शाळेत छोटी स्पर्धा घेणाऱ्यांसाठी : 20 मुलांना 100 शब्द काढा, वर 40 राखीव ठेवा. शेवटची दोन मुलं बरीच रेंगाळतात. पहिल्या फेरीचे शब्द इतके सोपे ठेवा की जवळजवळ सगळी मुलं निदान एकदा टाळ्या घेऊन जागेवर बसतील. शब्दांची चढण अचानक उभी करू नका.

शिक्षिका, पुन्हा

परीक्षकांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. बुजऱ्या मुलाची पहिली पायरी मंच नको. आधी लेखी फेरी, मग घरातल्या तिघांपुढे उभं राहून पाच शब्द, मग वर्गापुढे पाच, मग माइक. प्रत्येक पायरीला दोन आठवडे. आणि पालकांनी पहिल्या रांगेत बसू नये. ओठ हलतातच, आणि मूल शब्दाऐवजी ओठ वाचत बसतं.

आई, पुन्हा

ओठांचं पटलं.

चुकल्यावर वाजणाऱ्या घंटेचाही सराव घ्या. घरात छोटी घंटा ठेवा, चुकलं की वाजवा, आणि नंतरचं सगळं ठरवून ठेवा : बरोबर स्पेलिंग पूर्ण ऐकायचं, उच्चारकाला थँक्यू म्हणायचं, चालत खुर्चीकडे यायचं, पाणी प्यायचं, खिशातल्या चिठ्ठीवर तो शब्द लिहायचा. गाडीत बसल्यावर आपण विषय काढायचा नाही. चिठ्ठी त्यानेच बाहेर काढली तर लाल वहीत जाते, नाही काढली तर दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायच्या आधी खिसा तपासा.