जुना अ‍ॅम्प: खरखर आहे, घेऊ का?

कॉलेज रोडला एकाकडे रोलँड मायक्रो क्यूब, म्हणजे गिटारचा छोटा अ‍ॅम्प, पाहिला. साडेसहा हजार म्हणतोय. आवाज गोड, पण व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र! माझी खोली दहा बाय दहा, खाली घरमालक. घेऊ का?

— पॉटमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या भागात, धूळ असेल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून वीसेकदा फिरवा, बहुतेकदा जाते. पण त्या खरखरीच्या नावानं हजार तरी पाडून घ्या.

— सहा पेन्सिल सेल घालूनही वाजवा. अडॅप्टरवर गुणगुण येत असेल आणि सेलवर थांबली, तर दोष अडॅप्टरचा. आणि व्होल्टची पाटी वाचा हो! मी १२० व्होल्टचा अ‍ॅम्प थेट आपल्या २३० वर लावला होता. वास स्वयंपाकघरापर्यंत. आई अजून ऐकवते.

— घेतला, ५८०० ला. सेलवर एकदम शांत. अडॅप्टर नवा आणतो. घरमालकाचं बघू.