मदत हवी आहे: रेडिएटर पाझरतोय, स्टॉप-लीक (आत ओतून गळती बुजवायचं औषध) टाकू का?

मंडळी, गाडीतलं कूलंट हळूहळू कमी होतंय. खाली डाग पडत नाही, पण जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते, त्या कडेला हिरवट-पांढरी पापडी धरलीय. इंजिन गार असताना सगळं कोरडं, तापलं की ओलं.

मेकॅनिक म्हणतो, "भिया, स्टॉप-लीकची बाटली ओता, काम हो जाएगा." शेजारच्या काकांनी तर हळद सुचवली! हळद पोह्यांतच बरी.

माझ्या समजुतीप्रमाणे स्टॉप-लीक जाळीतल्या बारीक छिद्राला चालतं. इथे मात्र सांध्यातलं रबरच वाळलेलं दिसतंय. तिथे ते टिकेल का? शिवाय हीटरच्या बारीक नळ्या चोंदल्या तर नसती भानगड.

अशा सांध्यावर कुणी वापरलंय का? नुसतं ते रबर बदलून टाकी परत बसवून देणारं इंदूरात कोणी आहे, की सरळ नवा रेडिएटरच घ्यावा? आईला ओंकारेश्वरला न्यायचंय, आणि परतताना भेरूघाटाची चढण आहे. तिथे गाडी तापवायची नाहीये. छावनी, पलासियाकडचा भरवशाचा माणूस असेल तर कृपया सांगा.