रिलीजची तारीख आणि गणपतीची रजा

'स्प्रिंट वेळेत संपतात, तरी रिलीज लांबतं कसं?' या प्रश्नावर माझी भर. (रिलीज म्हणजे तयार सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला देणं.)

जिरामध्ये (Jira, टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) स्प्रिंट आणि व्हर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्रिंट म्हणजे आम्ही या पंधरवड्यात काय करतोय. फिक्स व्हर्जन म्हणजे ते गिऱ्हाइकाच्या हाती कधी पडणार. आमच्याकडे निम्म्या तिकिटांवर, म्हणजे कामाच्या नोंदींवर, फिक्स व्हर्जन रिकामंच असायचं. स्प्रिंटचा बोर्ड हिरवागार, म्हणजे कामं झालेली, आणि रिलीजच्या पानावर काय उरलंय याचा पत्ता नाही. (काहीजण तिथे अफेक्ट्स व्हर्जनच भरायचे, म्हणजे बग कुठल्या व्हर्जनमध्ये सापडला ते!)

दुसरी गोम माणसांची. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि आमचा स्प्रिंट 25 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर. सहा जणांचे कामाचे दहा दिवस, म्हणजे 60 धरून मॅनेजर मोकळा. सहापैकी चौघे पाच-पाच दिवस गावी, दोघं अंधेरीत पण चतुर्थीला सुट्टीवर. हाती 38. कोकणकन्याची तिकिटं दोन महिने आधीच काढलेली, म्हणजे रजा सगळ्यांना ठाऊक होती, फक्त प्लॅनला नव्हती.

आता आम्ही आधी रजा भरतो, मग पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज. आणि व्हर्जन रिलीज करताना जिरा उरलेली तिकिटं पुढच्या व्हर्जनमध्ये ढकलू का विचारतं, तिथे डोळे मिटून 'हो' म्हणायचं नाही.