पेट शॉप बॉईज पुन्हा पार्लोफोनकडे: पुढचे पाऊल की माघार?

जुना श्रोता (धागाकर्ता)

पेट शॉप बॉईज म्हणजे नील टेनंट आणि क्रिस लो ही ब्रिटिश पॉप जोडी. त्यांची 1985 ते 2012 या काळातली सगळी गाणी पार्लोफोन या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने काढली. 2013 मध्ये दोघांनी ती कंपनी सोडली, ‘एक्स टू’ हे स्वतःचे लेबल सुरू केले, कोबाल्ट या कंपनीच्या वितरणसेवेच्या आधाराने त्यावर तीन अल्बम आणले, आणि 2024 च्या ‘नन द लेस’ या अल्बमसाठी पुन्हा पार्लोफोनशी करार केला. या करारावरून चाहत्यांमध्ये अजूनही दोन तट आहेत. माझ्या मते करार योग्यच आहे; मात्र त्याच्या समर्थनासाठी माहेरी परतल्याची जी भाषा वापरली जाते, ती मला पटत नाही.

ज्या पार्लोफोनने 1962 मध्ये बीटल्सना करारबद्ध केले, ती ईएमआयच्या मालकीची होती. ईएमआयचा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय 2012 मध्ये युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने घेतला. एकाच कंपनीच्या हाती बाजाराचा फार मोठा भाग जाऊ नये म्हणून युरोपीय आयोगाने काही लेबले विकण्याची अट घातली, आणि त्यातूनच 2013 मध्ये 48 कोटी 70 लाख पौंडांना पार्लोफोन वॉर्नर या दुसऱ्या बड्या संगीत कंपनीकडे गेली. ज्या वर्षी ही जोडी बाहेर पडली त्याच वर्षी कंपनीचा मालक बदलला. ते परतले आहेत ते त्याच नावाकडे, पण वेगळ्या मालकाकडे.

तरीही जुन्या गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणे नावाबरोबर वॉर्नरकडे गेली, आणि माझ्या लेखी या कराराचे खरे कारण तेच आहे. एखाद्या कलावंताचे जुने काम एका कंपनीकडे आणि नवे दुसरीकडे असेल, तर प्रत्येक कंपनी आपापल्याच मालाची जाहिरात करते. नव्या अल्बमवर खर्च केलेल्या पैशाने जुन्या अल्बमांचीही विक्री वाढणार असेल, तर तो खर्च करण्याचे धाडस कंपनीला अधिक होते. नवा अल्बम आला तेव्हा टेनंट 69 वर्षांचे आणि लो 64 वर्षांचे होते. या वयात पुढच्या अल्बमाइतकाच, आपल्या पश्चात सगळे काम कोण सांभाळणार, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. त्या प्रश्नाचा विचार करणे म्हणजे शरण जाणे, असे मला वाटत नाही.

सिंथप्रेमी

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि माझा पुरावा या जोडीचेच काम आहे. पार्लोफोनकडचा 2012 चा शेवटचा अल्बम ‘एलिझियम’ ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. अवघ्या दहा महिन्यांनी, जुलै 2013 मध्ये, स्वतःच्या लेबलवर ‘इलेक्ट्रिक’ आला आणि तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. त्यानंतरचे ‘सुपर’ आणि ‘हॉटस्पॉट’ हेही तिसऱ्याच क्रमांकावर गेले. निर्माता स्टुअर्ट प्राइस यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे मान्य. पण पन्नाशी ओलांडलेल्या दोन माणसांनी संथ, शांत अल्बमनंतर वर्षभराच्या आत संपूर्ण नृत्यसंगीताचा अल्बम द्यावा, अशी घाई मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकात सहसा बसत नाही. स्वतःचे लेबल असले की संमती फक्त एकमेकांची लागते.

दुसरा मुद्दा मालकीचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीच्या करारात कंपनी आगाऊ रक्कम देते, ती कलावंताच्या रॉयल्टीतून वसूल करते, आणि सगळी वसुली झाल्यावरही मूळ मुद्रणे कंपनीचीच राहतात. सेवा-करारात कलावंत जोखीम स्वतः घेतो, वितरण आणि प्रसिद्धी यांच्यासाठी वाटा देतो, परंतु मुद्रणे त्याच्या मालकीची राहतात. आपल्या कामाच्या हक्कांसाठी मोठमोठ्या कलावंतांनी झगडा केला आहे. ड्यूरन ड्यूरन या ब्रिटिश बँडने आपल्या सुरुवातीच्या गीतांचे अमेरिकेतील हक्क परत मिळावेत म्हणून प्रयत्न केला, आणि 2016 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

पेट शॉप बॉईजना तर हा धडा कारकिर्दीच्या आरंभीच मिळाला होता. न्यूयॉर्कचे निर्माते बॉबी ऑर्लँडो यांच्याशी केलेल्या पहिल्या करारातून सुटण्यासाठी त्यांना आपल्या पुढच्या कमाईतला वाटा द्यावा लागला. ज्यांनी स्वातंत्र्याची किंमत स्वतः मोजली आहे, त्यांनी मिळालेले स्वातंत्र्य अकरा वर्षांनी सोडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राहिला जुने-नवे एकत्र असण्याचा मुद्दा. 2023 मध्ये पार्लोफोनने ‘स्मॅश’ हा 1985 ते 2020 या काळातल्या 55 गाण्यांचा संग्रह काढला आणि त्यात ‘एक्स टू’ची गाणीही आहेत. परवाना घेऊन संग्रह करता येतो. त्यासाठी नवे काम कंपनीच्या हवाली करण्याची गरज नसते.

आकडेवारीवाला

यादीतले क्रमांक दोन्ही बाजूंनी जपून वापरावेत. ‘नन द लेस’ दुसऱ्या क्रमांकावर गेला. 1993 च्या ‘व्हेरी’नंतरचे हे त्यांचे सर्वांत मोठे यश आहे, आणि त्या आठवड्यात त्यांच्या वर होती ती टेलर स्विफ्ट. म्हणजे सिंथप्रेमी यांच्याच मोजपट्टीने परतण्याचा निर्णय बरोबर ठरतो. मात्र मी ती मोजपट्टीच मानत नाही. ‘एलिझियम’ सप्टेंबरात आला, जेव्हा नाताळच्या हंगामासाठी मोठ्या अल्बमांची गर्दी सुरू होते. ‘एक्स टू’चे तिन्ही अल्बम जुलै, एप्रिल आणि जानेवारीत आले. पहिल्या आठवड्याचा क्रमांक प्रामुख्याने एवढेच सांगतो की निष्ठावान चाहत्यांनी लगेच खरेदी केली, आणि या जोडीचे चाहते ती दोन्ही काळांत करत आले आहेत.

जुना श्रोता

सिंथप्रेमी, मालकीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते बव्हंशी मला मान्य आहे. मी त्यांचा सल्लागार असतो तर ठरावीक मुदतीचा परवाना द्या, मुद्रणे विकू नका, असेच सांगितले असते. मात्र मोठ्या कंपनीशी करार म्हणजे मालकी गेली, असे समीकरण आज राहिलेले नाही. नाव असलेले कलावंत मुदतीचे करार करून घेतात आणि मुदत संपली की हक्क त्यांच्याकडे परत येतात. शिवाय ‘एक्स टू’वरच्या तीन अल्बमांचे हक्क केवळ नव्या करारामुळे कुणाकडे जात नाहीत, ते वेगळे विकावे किंवा परवान्याने द्यावे लागतात.

या बाबतीत मला अमेरिकी गायक प्रिन्सचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. 1990 च्या दशकात वॉर्नरच्या विरोधात गालावर ‘गुलाम’ लिहून वावरणारा हा कलावंत 2014 मध्ये त्याच वॉर्नरकडे परत गेला, आणि त्या करारात आपल्या जुन्या मुद्रणांची मालकी मिळवूनच गेला. जुन्या कंपनीकडे परतणे हे काही मिळवण्याचे साधनही असू शकते, कारण कलावंताला हवे असलेले जुने काम तिच्याच कपाटात असते.

आणि ज्याला तुम्ही स्वातंत्र्य म्हणता, त्याच्या आधाराचे काय झाले तेही पाहायला हवे. कोबाल्टने ध्वनिमुद्रणाच्या सेवा देणारा आपला विभाग, एवल, 43 कोटी डॉलरना सोनीला विकल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. म्हणजे ‘एक्स टू’वर चौथा अल्बम काढायचा असता, तरी ज्यांच्याबरोबर त्यांनी काम केले ती यंत्रणा एका बड्या कंपनीच्या छत्राखाली गेलेली असती. अशा वेळी जिच्याकडे आपले जुने काम आहे ती बडी कंपनी निवडणे मला समंजसपणाचे वाटते.

तबकडीप्रेमी

मला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे ध्वनी. ‘इलेक्ट्रिक’ यंत्रांवर उभा आहे. नव्या अल्बमात निर्माते जेम्स फोर्ड यांच्याबरोबर वाद्यवृंदाचा मोठा वापर आहे. खरे वादक, त्यांची जुळवणी, मोठा स्टुडिओ यांना पैसा लागतो आणि तो आधी टाकणारा कुणीतरी लागतो. टेनंट यांच्या आवाजात वयाबरोबर आलेली मऊ उदासी तंतुवाद्यांसोबत जितकी उमटते तितकी केवळ सिंथसायझरवर उमटत नाही, हे मी पुन्हा पुन्हा ऐकून लिहीत आहे. कंपनीच्या पैशाने हे शक्य झाले असेल, तर मला त्या कराराचा आनंद आहे.

सिंथप्रेमी

तबकडीप्रेमी, तो पैसा भेट नसतो. तो रॉयल्टीतून वसूल होतो, म्हणजे अखेर वादकांचा खर्च या दोघांच्याच कमाईतून जातो. ‘हॉटस्पॉट’चे बरेचसे काम बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले, तेही स्वतःच्या लेबलच्या काळात. नवा अल्बम मलाही आवडतो, पण त्याचे श्रेय मी त्याच्या कर्त्यांना आणि फोर्ड यांना देईन.

कोबाल्टच्या विक्रीचा मुद्दा मात्र माझ्याकडून दुर्लक्षित राहिला होता आणि तो वजनदार आहे. तरी सेवा देणारी कंपनी विकली गेली म्हणून कलावंताची मुद्रणे विकली जात नाहीत. सेवादार बदलता येतो, मूळ मुद्रणांच्या मालकाला तसे बदलता येत नाही. म्हणून माझी अपेक्षा नेमकी आहे. पहिल्या सहा अल्बमांच्या वाढीव आवृत्त्या पार्लोफोनने 2001 मध्ये ज्या आस्थेने काढल्या, गाण्यांच्या रीमिक्ससह आणि या दोघांच्या आठवणींसह, तशाच ‘एक्स टू’च्या तिन्ही अल्बमांच्याही निघाव्यात आणि त्यांच्या पाठीवर हक्कधारक म्हणून या दोघांचेच नाव असावे. तसे झाले तर जुना श्रोता यांचे म्हणणे मी मान्य करीन.

जुना श्रोता

ही अट मला मान्य आहे. तीत माझी एक भर: पुढचा अल्बम त्यांना दहा महिन्यांत काढावासा वाटला, तर कंपनीने तो दहा महिन्यांतच येऊ द्यावा.