मदत हवी आहे: व्हल्नरेबिलिटी इंडेक्समध्ये कूलरचं काय करू?

नमस्कार मंडळी. नागपुरात भूगोलात एम.ए. करतोय. प्रबंधासाठी शहरातल्या तीन वस्त्या घेतल्यात. ऊन आणि पूर, या दोन्हींपुढे कोणतं घर किती हतबल आहे याचा इंडेक्स काढायचाय. गाडी अडलीये एका कूलरपाशी. हसू नका.

पद्धत नेहमीचीच. छत कशाचं, पाणी कुठून येतं, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे का, कमावता माणूस उन्हात राबतो का, असे निर्देशक घ्यायचे. प्रत्येक आकडा शून्य ते एकमध्ये बसवायचा, ज्याच्यामुळे धोका कमी होतो तो उलटा करायचा, शेवटी सरासरी. कूलर मी अर्थातच उलट्यात टाकला. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेलं शहर आहे हे; इथे कूलर असलेलं घर सुरक्षित, यात विचार काय करायचा?

मग एका टिनाच्या घरात गेलो. खिडकीत कूलर, ताट्या अगदी धड. मी ‘हो’वर खूण केली आणि सहज आत डोकावलो, तर टाकीत कांदे पसरून ठेवलेले. काकू म्हणाल्या, ‘‘कूलर हाये ना बाप्पा, पन त्याले पाजाले पानी कोठून आनू?’’ टँकर एक दिवसाआड येतो. माझ्या एक्सेलमध्ये मात्र ते घर सुरक्षित!

बाहेरच्या आकड्यांनी ताळा करावा म्हटलं, तर २०११ च्या जनगणनेत रेडिओ, टीव्ही, सायकल, स्कूटर सगळं आहे, कूलर नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कूलर-एसी विचारतात, पण ते आकडे जिल्ह्याचे. माझ्या तीन गल्ल्यांना जिल्हा घेऊन काय करू?

दुसरा घोळ पुराचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून रातोरात पाणी घरांत शिरलं ते आठवत असेलच. त्या भागातले पक्के बंगले माझ्या इंडेक्समध्ये सगळ्यात खाली, म्हणजे निर्धास्त. सर म्हणतात बरोबर आहे, एक्सपोजर (धोक्याच्या वाटेत असणं) वेगळं आणि व्हल्नरेबिलिटी (तो झेपायची ताकद नसणं) वेगळी. पण तळमजल्यावर एकटं राहणारं म्हातारं जोडपं, मुलं परदेशी, पहाटे पाणी पलंगाला लागलेलं. त्यांना निर्धास्त कसं लिहू?

कोणी असं काम केलंय का? जूनच्या आत सर्वे संपवायचाय.

<b>प्रतिसाद १</b>

‘कूलर आहे का’ हा मालमत्तेचा प्रश्न झाला. तुला हवंय ते ‘काल दुपारी दोन ते चार कूलर चालला का?’ नाही म्हणाले तर लगेच पुढचा: पाणी नव्हतं, लाइन नव्हती की बिलाची धास्ती? आणि विचारायचं ते मे महिन्यातच. मृगाचा पाऊस पडला की कूलर नुसता दमट वारा फेकतो, मग उत्तरं बदलतात.

एक सांभाळ. पाणी तू आधीच वेगळा निर्देशक धरलायस. चालणारा कूलर घेतलास की तेच पाणी दोनदा मोजलं जाईल. वजन अर्धं कर, नाहीतर ऊन आणि पूर असे दोन इंडेक्स वेगळे काढ. मी तर वेगळेच काढेन. कूलरचा पुराशी संबंध काय?

<b>प्रतिसाद २</b>

तुझं आणि सरांचं भांडण जुनंच आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात एक्सपोजर व्हल्नरेबिलिटीच्या पोटातच होतं. २०१४ च्या अहवालाने ते बाहेर काढून जोखमीचं वेगळं अंग केलं. कोणती चौकट घेतलीस ते पहिल्याच प्रकरणात लिही, नाहीतर तोंडी परीक्षेला तासून काढतील.

पण तुझं म्हातारं जोडपं सरांच्या चौकटीतही बसतं रे. तळमजल्यावरचं घर हे एक्सपोजर. मध्यरात्री उचलायला माणूस नसणं ही व्हल्नरेबिलिटी. तुझ्या यादीत म्हातारं माणूस आहे, ‘एकटं’ नाही. तिथे निसटलं ते. बँकेत पैसे असणं पाणी ओसरल्यावर कामाला येतं, पहाटे नाही.

सरासरीचंही बघ. साध्या सरासरीत टीव्ही आणि स्कूटर मिळून पाण्याची उणीव भरून काढतात. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये याच कारणाने भूमितीय सरासरी (आकडे बेरजेऐवजी गुणून मग मूळ काढायचं) घेतली. तू ती वस्तीच्या पातळीवर वापर. एकेका घराच्या हो-नाहीला नको, एक शून्य आला की सगळंच शून्य.

<b>धागाकर्ता</b>

दोघांचेही आभार. ‘एकटं’ खरंच निसटलं होतं, आजच कॉलम टाकला. ‘काल दुपारी चालला का’ हे शेजारच्या दोन घरी विचारून पाहिलं. एकीकडे चालला, पण पंप बंद ठेवून, नुसता पंखा. याला हो धरू की नाही?